साताऱ्याच्या उन्हात रेड हॉट पोकर: ऊन सोसते, साचलेले पाणी सोसत नाही

यवतेश्वर_पायथा (धागाकर्ती)

नमस्कार. साताऱ्यात यवतेश्वराच्या पायथ्याशी आमचे घर आहे. घराच्या दक्षिणेला साधारण दीड गुंठा उघडी जागा असून तिथे सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन असते. दरवर्षी नवी रोपे आणून लावण्याचा कंटाळा आल्यामुळे, एकदा लावली की अनेक वर्षे त्याच जागी वाढतील आणि पुन्हापुन्हा फुलतील अशा बहुवर्षायू फुलझाडांचा वाफा तिथे करायचा, असे मी पाच वर्षांपूर्वी ठरवले. गलांडा, निळी साल्व्हिया, डेलिली, निशिगंध ही मंडळी सहज रुळली. ज्या एका झाडाने मला सर्वांत जास्त शिकवले त्याच्याविषयी मराठीत लिहिलेले फारसे सापडत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

हे झाड म्हणजे रेड हॉट पोकर, शास्त्रीय नाव निफोफिया. काही जण त्याला टॉर्च लिली म्हणतात, तर जुन्या बागकामाच्या पुस्तकांत ट्रायटोमा असेही नाव आढळते. लांब, अरुंद, गवतासारख्या पानांचा दाट गड्डा आणि त्यातून सरळ वर येणारा जाड दांडा अशी त्याची ठेवण असते. दांड्याच्या टोकाला नळीसारख्या, खाली झुकलेल्या फुलांचा घट्ट तुरा येतो. तुरा खालून वर उमलत जातो. कळ्या तांबड्या असतात आणि उमलल्यावर पिवळ्या होतात, त्यामुळे वरचा अर्धा भाग निखाऱ्यासारखा लाल व खालचा अर्धा पिवळा दिसतो. चुलीत तापून लाल झालेल्या सळईवरून हे इंग्रजी नाव पडले आहे.

पहिल्या वर्षी मी तीन रोपे इतर झाडांसारखीच खड्डा घेऊन, तळाशी शेणखत घालून लावली आणि भोवती आळे केले. जूनपर्यंत रोपे उत्तम होती. ऑगस्टमधील एका सकाळी मधले पान थोडे मलूल दिसले म्हणून हलकेच ओढले, तर ते विनासायास हातात आले. त्याचे बूड तपकिरी आणि बुळबुळीत झाले होते व त्याला आंबलेल्या कण्यांसारखा वास येत होता. आठवड्याभरात तिन्ही रोपे तशीच गेली. दोष बुरशीचा होता, परंतु बुरशीला घर मी बांधून दिले होते. उन्हाळ्यात पाणी धरण्यासाठी केलेले आळे मी पावसाळ्यात मोडलेच नव्हते आणि खाली आमची चिकट काळसर माती होती.

दुसऱ्या वेळी मी जमिनीत खड्डा घेण्याऐवजी जमिनीवर दीड फूट उंचीचा वरंबा केला. त्यासाठी तांबूस पोयट्याची माती आणि बारीक मुरूम साधारण समान प्रमाणात घेतले व त्यात पूर्ण कुजलेले शेणखत एक चतुर्थांश मिसळले. लागवड ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर केली. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवले आणि गड्ड्याचा माथा मातीच्या पातळीच्या फार खाली जाणार नाही याची काळजी घेतली. ती रोपे आज चौथ्या पावसाळ्यातून सुखरूप बाहेर आली आहेत. मागील वर्षी सहा झाडांवर मिळून एकोणीस दांडे आले.

आपल्यापैकी कोणी सातारा, सांगली, कराड, वाई या भागांत हे झाड लावले असल्यास कृपया आपला अनुभव लिहावा.

कृष्णाकाठ

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी सांगलीचा. आमच्याकडची गोष्ट याहून कठीण आहे. एकतर माती अस्सल काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. दुसरे म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. तिसरी गोष्ट नदीची. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या अंगणात कमरेएवढे पाणी काही दिवस होते. पाणी ओसरल्यावर कर्दळ आणि गवती चहा यांनी पुन्हा फूट धरली, मात्र कुंडीत वाढवलेली टॉर्च लिलीची दोन्ही झाडे सडून गेली.

मला एक मुद्दा विचारायचा आहे. हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेतले असून तिथे ते ओढ्याकाठी, दलदलीच्या कडेला वाढते, असे मी वाचले आहे. मग पाणथळ जागेत वाढणाऱ्या झाडाला आपला पावसाळा का सोसत नाही? मुरूम आणि वरंब्याचा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का, की तुमची पहिली रोपे दुसऱ्याच कारणाने गेली?

मुरूम_आणि_पोयटा

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे. फुलशेती हा माझा विषय नव्हता, परंतु जमिनीचा निचरा हा विषय आयुष्यभर केला, म्हणून कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

निफोफियाच्या सुमारे सत्तर जाती आहेत. त्यांतील बहुतेक दक्षिण आफ्रिकेत व पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागांत आढळतात, शिवाय मादागास्कर आणि येमेन येथेही काही सापडतात. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात, ड्रॅकेन्सबर्ग पर्वताच्या उतारांवर, आपल्यासारखाच उन्हाळी पाऊस पडतो आणि तिथल्या अनेक जाती खरोखरच ओलसर कुरणांत व ओढ्यांच्या काठी वाढतात. म्हणजे आपण वाचलेले बरोबर आहे. परंतु डोंगरउतारावरचे पाणी झिरपत पुढे सरकत असते आणि तिथली हवा थंड असते. वाहत्या, थंड पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, त्यामुळे मुळे गुदमरत नाहीत. सांगलीच्या काळ्या रानात जुलैमध्ये साचलेले कोमट पाणी ही त्याच्या अगदी उलट स्थिती आहे. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते, मुळांचा श्वास कोंडतो आणि कुजवणाऱ्या बुरशींना मोकळे रान मिळते. झाडाला ओल हवी आहे, डबके नको आहे.

आता मुरमाविषयी. बरेच जण काळ्या मातीत दोन-चार पाट्या वाळू टाकून निचरा सुधारला असे समजतात. चिकणमातीत थोडी वाळू मिसळल्याने काही साधत नाही. वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि कधीकधी मिश्रण पूर्वीपेक्षा घट्ट होते. वाळूचा उपयोग व्हायचा तर तिचे प्रमाण मातीपेक्षा जास्त असावे लागते, आणि तेवढी वाळू आणण्यापेक्षा वाफा उंच करणे स्वस्त व खात्रीचे आहे. ताईंनी केलेला वरंबा म्हणूनच योग्य आहे. त्यात मुरूम आहे हे चांगलेच, परंतु झाडे वाचली ती मुख्यतः दीड फूट उंचीमुळे.

कृष्णा-वारणेच्या काठच्या काही गावांत जमिनी क्षारपड वा चोपण (सोडियम वाढून घट्ट) झालेल्या आहेत. तिथल्या वाचकांनी प्रथम माती परीक्षण करून घ्यावे. जमीन चोपण निघाली तर जिप्सम उपयोगी पडते, कारण त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला बाजूला सारते. परंतु सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून जाण्यासाठी चर काढलेला असेल तरच त्याचा फायदा होतो. साध्या काळ्या मातीत निव्वळ हौस म्हणून जिप्सम टाकू नये.

पाचगणीचे_परस

आमच्याकडे हे झाड अगदी निवांत वाढते, हे वाचून कदाचित आपल्याला हेवा वाटेल. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. इथे जांभ्याची तांबडी माती आहे आणि आमची बाग पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर आहे. पाऊस साताऱ्याहून कितीतरी अधिक पडतो, तरी पाणी उभे राहत नाही. मी वरंबा केला नाही, मुरूम आणला नाही. मुरूम_आणि_पोयटा काकांचे म्हणणे आमच्या बागेत जसेच्या तसे खरे ठरते.

एका बाबतीत मात्र आमच्याकडे त्रास होतो, तो म्हणजे गोगलगाई. दिवसा त्या पानांच्या बेचक्यात जाऊन बसतात, त्यामुळे दिसतच नाहीत. रात्री बॅटरी घेऊन गड्डे एकेक करून तपासावे लागतात आणि गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या लागतात. विषारी गोळ्या मी वापरत नाही, कारण घरात कुत्रा आहे.

नवी_बाग_मिरज

नमस्कार, मी बागकामात अगदी नवी आहे. मागील वर्षी मी टॉर्च लिलीचे कंद म्हणून पाकीट मागवले होते. पाने भराभर आली, पण ती गवतासारखी मुळीच नव्हती. ती हळदीच्या पानांसारखी रुंद होती आणि उन्हात कडेने करपत गेली. शेवटी एका जाणकार आत्यांनी पाहून सांगितले की ही टॉर्च जिंजर आहे. विक्रेत्याला कळवले तेव्हा दोन्ही एकच, असे उत्तर मिळाले. यांतला फरक ओळखायचा कसा, हे कोणी समजावून सांगेल का?

यवतेश्वर_पायथा

मिरजच्या ताई, आपली चूक नाही. नावांतील साम्यामुळे हा घोटाळा होतो. टॉर्च जिंजर हे आले-हळदीच्या कुळातले, दमट हवेचे आणि थोड्या सावलीचे झाड आहे. रेड हॉट पोकरचे नाते कोरफडीशी आहे. दोन्हींचे कूळ एकच आणि ते इतके जवळचे, की लिनिअसने याच्या प्रसिद्ध जातीला प्रथम कोरफडीच्याच प्रजातीत घातले होते. निफोफिया ही वेगळी प्रजाती १७९४ साली मोएंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केली आणि तिला एरफुर्टच्या योहान हिएरोनिमस क्निफोफ या वैद्य-वनस्पतिज्ञाचे नाव दिले. आपल्याकडे थंडीत कोरफडीला येणारा दांडा आपण पाहिला असेल. त्यावरची लोंबती नळीदार फुले डोळ्यांसमोर आणा, त्यांची दाटी दहापटीने वाढवा, म्हणजे पोकरचा तुरा कसा दिसतो याचा अंदाज येईल.

रोप विकत घेताना पान हातात घेऊन पाहावे. पोकरचे पान लांब, अरुंद आणि मधोमध दुमडल्यासारखे असते. पानाच्या पाठीवरून बोट फिरवले तर नावेच्या तळासारखी कड लागते. काही जातींत पानांच्या कडेला बारीक दातेही असतात. रुंद, सपाट, हळदीसारखे पान दिसले तर ते रोप घेऊ नये.

ही खूण मला स्वतःला महागात पडून कळली आहे. मी बियांपासून केलेली चाळीस रोपे ट्रेमधून वाफ्यात लावली होती. खुरपणीला आलेल्या मावशींनी त्यांतली जवळजवळ सगळी लव्हाळा समजून उपटली आणि उरलेल्या चार रोपांभोवतीची माती अगदी स्वच्छ करून ठेवली. त्यांना दोष देता येत नाही, कारण तीन इंची वयात हे रोप खरोखर गवतच दिसते. तेव्हापासून मी प्रत्येक रोपाशेजारी बांबूची काडी रोवते.

कृष्णाकाठ

काकांचे उत्तर पटले. आता व्यवहाराचे विचारतो. बियांपासून करावे की गड्डा फोडून? आणि सांगलीच्या उन्हाळ्यात याला कितपत ऊन द्यावे? ‘संपूर्ण ऊन’ असे सगळीकडे लिहिलेले असते, पण ते लिहिणाऱ्यांचे ऊन आणि आमचे ऊन यांत फार अंतर आहे.

यवतेश्वर_पायथा

दोन्ही करता येते. बी पेरायचे तर नोव्हेंबरमध्ये, हवा गार झाल्यावर पेरावे. बी उगवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सगळे एकदम उगवत नाही, म्हणून ट्रे लवकर फेकून देऊ नये. ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलेले बी माझ्याकडे अधिक एकसारखे उगवले. संकरित वाणांच्या झाडावरून धरलेले बी मूळ झाडासारखे येईलच असे नसते. तोच रंग आणि तीच उंची हवी असेल तर गड्डाच फोडावा लागतो. बियांची रोपे बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतात. फ्लॅमेंको नावाचे वाण बियांपासून पहिल्याच वर्षी फुलण्यासाठी ओळखले जाते. कमी जागा असलेल्यांनी लिटल मेड हे दोन फुटांच्या आसपास राहणारे, फिकट पिवळ्या तुऱ्यांचे वाण पाहावे. मोठी वाणे चार-पाच फुटांपर्यंत जातात.

गड्डा फोडण्याची घाई करू नये. या झाडाला हलवलेले आवडत नाही आणि फोडल्यानंतर पुढचे वर्ष ते फुलांविना काढण्याची शक्यता असते. चार वर्षांनी मधला भाग विरळ दिसू लागला, तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये संपूर्ण गड्डा काटेकुदळीने उचलावा, हातांनी सोडवून प्रत्येक भागाला भरपूर मुळे राहतील असे पाहावे, पाने निम्मी कापावीत आणि त्याच दिवशी लावून टाकावेत.

उन्हाविषयी मात्र सांगलीकरांनीच सांगावे. साताऱ्यात मी पूर्ण उन्हात ठेवते.

मुरूम_आणि_पोयटा

सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यांत सकाळपासून दुपारी दोनपर्यंतचे ऊन पुरेसे आहे. पश्चिमेला शेवगा किंवा तत्सम विरळ सावलीचे झाड असल्यास मार्च ते मे या काळात त्याचा आधार होतो. सावली दाट असेल तर पाने माजतात आणि दांडे येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

पाणी रोज शिंपडण्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदा भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. आपल्या भागात उसाचे पाचट फुकट मिळते. त्याचा तीन-चार इंचांचा थर वाफ्यावर पसरला तर ओल टिकते आणि माती तापत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. पाचट गड्ड्याच्या बुडाला भिडू देऊ नये, चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि मृगाच्या आधी ते पाचट मागे ओढून घ्यावे. मे महिन्यात झाडाला वाचवणारे पाचट जुलैमध्ये बुडाशी राहिले, तर तेच कुजीचे कारण होते.

आमच्या भागातील विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) मातीत कधीकधी नवी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते. तेव्हा युरिया टाकून उपयोग नसतो. चिलेटेड लोहाची फवारणी करावी आणि शेणखत वाढवावे. एरवी या झाडाला खताचा हव्यास नाही.

शिंजीर_निरीक्षक

मी पक्षी पाहणारा माणूस आहे, बागकाम दुय्यम. यवतेश्वर_पायथा ताईंच्या परवानगीने गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या वाफ्याजवळ दोन सकाळी बसलो होतो. त्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आफ्रिकेत या फुलांवर मॅलकाइट सनबर्डसारखे शिंजीर येतात. आपले जांभळे शिंजीर त्याच घराण्यातले. अमेरिकेतले गुंजनपक्षी हवेत एका जागी तरंगून मध पितात, आपला शिंजीर मात्र शक्यतो बसूनच पितो. पोकरचा दांडा त्याला बसायला भक्कम आधार देतो. नर शिंजीर तुऱ्याच्या खाली, दांड्याला आडवे धरून बसला. मान वर करून त्याने बाकदार चोच एका पिवळ्या नळीत घातली, काढली, शेजारच्या नळीत घातली आणि असे करत तो दांड्याभोवती फिरला. वरच्या लाल कळ्यांना त्याने एकदाही चोच लावली नाही. दहा मिनिटांनी तो उडाला तेव्हा चोचीच्या बुडाशी परागकणांचा पिवळा पट्टा स्पष्ट दिसत होता. लोंबत्या फुलांच्या टोकाशी मधाचे थेंब जमलेले होते आणि एका दांड्यावर मुंग्यांची रांग लागली होती. कृपया फुलोऱ्याच्या काळात या झाडांवर कीटकनाशक फवारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक विनंती. हे परदेशी झाड आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅलिफोर्निया येथे त्याची एक जात, निफोफिया उवारिया, बागांमधून निसटून रानात स्थिरावलेली आहे. आपल्याकडे असे झालेले नाही, परंतु कासचे पठार साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांत कासचा समावेश आहे आणि ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे तो वायतुरा त्या पठारावर फुलतो. जांभ्याच्या खडकावरचा तो मातीचा पातळ थर दुसऱ्या कोणाला देण्याजोगा नाही. कास, बामणोली, यवतेश्वर या बाजूला घर असलेल्यांनी फुले सुकताच दांडे बुडापासून कापावेत, बी धरू देऊ नये आणि गड्ड्यांचे तुकडे ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नयेत.

यवतेश्वर_पायथा

दादा, हे मी आजवर ध्यानात घेतले नव्हते. आमच्या घरामागून ओढा जातो. वाळलेले दांडे मी सौंदर्यासाठी ठेवत असे. आजच सगळे कापून, बोंडांसकट चुलीत घातले. दांडे लवकर कापल्याने झाडाची शक्ती बियांत खर्च होत नाही, हा फायदा वेगळाच.

पाचगणीचे_परस

मीही कापेन. शेजारच्या शाळेच्या आवारात याच झाडाचे जुने गड्डे आहेत, तिथल्या माळीकाकांनाही सांगते.

एक सुचवू का? आपल्याकडे याला मराठी नाव नाही. पालीच्या खंडोबाच्या यात्रेत पेटलेल्या दिवट्या पाहिल्या की मला हेच फूल आठवते, वर लाल जाळ आणि खाली पिवळा. आमच्या घरी आम्ही याला दिवटीच म्हणतो.

नवी_बाग_मिरज

दिवटी हे नाव फार आवडले. आपण सर्वांनी लिहिलेले वहीत उतरवून घेतले आहे. आमच्या अंगणात पूर्वेच्या भिंतीलगत सहा फूट बाय तीन फूट जागा आहे. तिथे ऊन सकाळी साडेसातला येते आणि दुपारी अडीचला घराच्या सावलीत जाते. काल गवंड्यांकडून विटांचा दीड फूट उंच कट्टा बांधून घेतला आणि खाली पाणी जाण्यासाठी चार भोके ठेवायला सांगितली. त्यांनी तीनच ठेवली, चौथे मी आज छिन्नीने पाडले. मुरूम रविवारी येणार आहे. ताई, ऑक्टोबरमध्ये तुम्ही गड्डा फोडणार असाल, तर मला दोन तुकडे मिळतील का? साताऱ्याला येऊन घेऊन जाईन.

यवतेश्वर_पायथा

जरूर या. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात पश्चिमेकडचा सर्वांत जुना गड्डा उचलणार आहे. ओल्या गोणपाटात गुंडाळून देईन आणि तुम्ही घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी लावा. लावल्यावर एकदाच भरपूर पाणी द्या आणि मग माती वरून दोन बोटे सुकेपर्यंत थांबा.

कृष्णाकाठ

ताई, तीन तुकडे करता आले तर एक माझ्यासाठीही ठेवावा. या वेळी तो अंगणात लावणार नाही, पुराचे पाणी जिथे पोचले नव्हते त्या गच्चीवर सोळा इंची कुंडीत लावणार आहे.

यवतेश्वर_पायथा

ठेवते. कुंडीच्या तळाशी छिद्रे किती आहेत ते आधी मोजून कळवा.